३०० वॅटचा फोकस, १५ अँपिअरचा फ्यूज

पिकअपला जादा फोकस बसवायच्या विचारात असाल तर आधी माझी गंमत ऐका. माझे ७,८०० रुपये गेले, वायरिंग पुन्हा करायला लागलं त्याचा खर्च वेगळा, आणि एका रात्री बॉनेटखालून धूर निघाला तो आणखी वेगळा. दुकानाचं नाव लिहीत नाही. तसल्याच लाईटचा डबा दुसऱ्या चार दुकानांत दिसतो, त्यामुळे नावापेक्षा डबा ओळखता आलेला बरा.

आमचं रान मोहोळ तालुक्यात, उजनीच्या कालव्यापलीकडं. डांबरी सोडली की दीड-दोन किलोमीटर गाडीवाट. काळी माती, सुकली की पीठ आणि भिजली की लोणी. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची घाई असते. दिवसभर काटणी, संध्याकाळी पिशव्या भरायच्या आणि रात्रीतच गाडी सोलापूरला मार्केट यार्डात लावायची, म्हणजे सकाळच्या लिलावात माल येतो. मागच्या हंगामात अशाच एका रात्री ड्रायव्हरनं कालव्याच्या भरावावरून उतरताना मागचं चाक चारीत घातलं. निम्म्या पिशव्या खाली उतरवून, शेजारचा ट्रॅक्टर आणून गाडी काढली. यार्डात पोचलो तेव्हा लिलाव संपत आला होता, दर काय मिळाला ते सांगत बसत नाही. ड्रायव्हरचं म्हणणं एकच, "मालक, पुढचं दिसतच न्हाई." खोटं नव्हतं ते. गाडीचे हेडलाईट हॅलोजनचे, ६०/५५ वॅटचे. समोरचं बऱ्यापैकी दिसतं, पण वळणावर बाजूची कड अंधारातच राहते.

म्हणून सोलापुरात गेलो.

दुकानदार गोड बोलणारा. काउंटरवर बॅटरी, समोर तीन पावलांवर पांढरी भिंत, वर शटर अर्धं खाली ओढलेलं. त्यानं दोन तारा टेकवल्या आणि भिंत अशी पेटली की मी डोळ्यांवर हात घेतला. "तीनशे वॅट, मालक. एकेकाला तीनशे. तीस हजार लुमेन. समोरची एसटी थांबेल बघा." डब्यावर वॅट आणि लुमेन (उजेडाचं माप) तसेच छापलेले होते, त्याखाली आयपी ६८, आणि एका गोलात नुसताच ई. बारा हजारांपासून सुरू झालं, सात हजार आठशेला जोडी ठरली, फिटिंग, रिले, स्विच सगळं त्यातच. वर एक झगमग मोड फुकट, पोलिसांच्या गाडीसारखा लुकलुकणारा. घासाघीस करून चार हजार वाचवले म्हणून मी बाहेर येऊन चहा पाजला त्याला. मी त्याला!

पैसे स्कॅन करून दिले तेव्हा मोबाईलवर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं, तर "घरचंच खातं आहे." बिल मागितलं तर "पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वेगळा लागेल, कशाला?" असं म्हणून एका चिठ्ठीवर वर एस्टिमेट, खाली आकडा. मॉडेल नंबर नाही, दुकानाचा शिक्का नाही. वॉरंटी एक वर्ष, तोंडी.

पहिल्या रात्री गाडीवाटेवर लाईट लावली आणि खरं सांगतो, खूश झालो. बंपरसमोरची ढेकळं मोजून घ्यावीत असा उजेड. पण कालव्याच्या भरावावर चढलो तर पुढं काळोख जास्तच दाट वाटायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, "जवळचं लई दिसतंय, पण लांबचं गेलं की." आम्ही दोघांनी मिळून दोष धुक्याला दिला. पुढं दहा मिनिटांनी लाईट मंदावल्यासारखी वाटली, तेव्हा दोष बॅटरीला दिला.

धुक्याचा आणि बॅटरीचा काही संबंध नव्हता. उजेड अंतर दुप्पट झालं की चौथा हिस्सा उरतो. दुकानातली भिंत तीन मीटरवर धरा. साठ मीटर म्हणजे त्याच्या वीसपट लांब, म्हणजे तिथं चारशेवा हिस्सा. तो लांब न्यायचा असेल तर लाईटच्या आतल्या वाटीनं किंवा भिंगानं तो गोळा करून पुढं फेकावा लागतो. माझ्या फोकसात तसलं काही नव्हतं, सगळा उजेड बंपरपुढं सांडत होता. आणि पायाशी इतका झगझगीत उजेड पडला की डोळ्याची बाहुली आवळते आणि लांबचं अंधुक दिसतं. म्हणजे लाईट लावून मी स्वतःलाच थोडं आंधळं करत होतो, ते पण पदरचे पैसे देऊन.

महिनाभरात एक अवकाळी सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी उजव्या लाईटच्या काचेआत पाण्याचे थेंब, भाजीच्या पातेल्याच्या झाकणाला असतात तसे. आयपी ६८ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि लाईट पाण्यात बुडून राहिली तरी पाणी शिरणार नाही, असा त्याचा अर्थ. इथं अर्धा तास पाऊस झाला होता, तोही आडवा.

आणि मग धूर. भरलेली गाडी, रात्री साडेअकरा, डांबरीला लागायच्या जरा आधी. आधी प्लास्टिक जळाल्याचा वास आला, ड्रायव्हर म्हणाला शेतात कुणीतरी काहीतरी पेटवलंय. मग बॉनेटच्या फटीतून धूर. सीटखाली १० नंबरचा पाना होता म्हणून वाचलो. बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि धूर थांबला. फोकसाची वायर बॅटरीपासून दोन हात लांबीपर्यंत सोलून निघाली होती, आतली तार उघडी, शेजारच्या मूळ वायरिंगच्या टेपलाही चटके. ती रात्र टॉर्चच्या उजेडात, हळूहळू गाडी चालवत काढली.

दुसऱ्या दिवशी यार्डातून गाडी रिकामी करून तसाच चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे माझ्या वडिलांच्या काळापासूनचे ऑटो इलेक्ट्रिशियन. त्यांनी जळलेली वायर हातात घेतली, ब्लेडनं खरवडली आणि मला दाखवली. वरून तांब्याचा रंग, आत पांढरी. "तांब्याचा मुलामा आहे, आत ॲल्युमिनियम. चार वेळा वाकव, तुटते." वाकवली. तिसऱ्याच वेळी तुटली. पण जळायचं कारण ते नव्हतं. वायर पत्र्याच्या भोकातून थेट ओढलेली, मध्ये रबराची चकती नाही. गाडीवाटेच्या हादऱ्यानं पत्र्याच्या धारेवर घासून वरचं आवरण कापलं गेलं आणि बॉडीला शॉर्ट झालं.

"मग फ्यूज का गेला नाही?" मी विचारलं.

"फ्यूज कुठं लावलाय बघ."

फ्यूज होता की! पुढं, जाळीच्या मागं, लाईटच्या जवळ. चाचा म्हणाले, फ्यूज लाईट वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर पाहिजे. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्यात शॉर्ट झालं तर त्याला अडवणारं कुणी नाही, आणि माझ्या गाडीत तो तुकडा चार फुटांचा होता. मग त्यांनी फ्यूज उपसून माझ्या तळहातावर ठेवला. निळा. वर १५.

"तीनशे-तीनशे वॅट म्हणालास ना? बाराने भाग."

सहाशे भागिले बारा, पन्नास. पन्नास अँपिअर ओढणारी जोडी १५ अँपिअरच्या फ्यूजवर महिनाभर चालली होती. खरी असती तर पहिल्यांदा स्विच दाबला त्याच क्षणी फ्यूज उडाला असता. दुकानदाराचा खोटेपणा त्याच्याच फिटिंगवाल्यानं लावलेल्या चार आण्याच्या वस्तूवर छापलेला होता आणि मी तो महिनाभर गाडीत घेऊन फिरलो.

चाचांनी मग लाईट टेबलावर घेतली. टाँग टेस्टर बाजूला ठेवला. त्यांच्याकडचा फक्त घरच्या लाईनचा करंट दाखवतो, बॅटरीचा नाही. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घातली, मीटर लाईटच्या तारेत मधोमध जोडला, चालू गाडीची बॅटरी लावली. १३.८ व्होल्ट. आकडा आला २.१. म्हणजे २९ वॅट. "थांब," म्हणाले आणि चहा सांगितला. चहा येऊन संपेपर्यंत आकडा १.६ वर आला होता. २२ वॅट. गरम झाली की आतलं सर्किट करंट उतरवतं, म्हणून ती दहा मिनिटांनी मंद व्हायची. मागचे चार स्क्रू काढून उघडली, तर एलईडीची पट्टी बॉडीला नीट टेकलेलीच नाही, मध्ये उष्णता वाहून न्यायची पेस्ट कुंकवाच्या टिकलीएवढी. बाहेर मारे जाड पाती ओतलेली ॲल्युमिनियमची. काचेभोवतीचं रबर दोन तुकड्यांत, सांध्यावर फट. पाणी तिथूनच.

चांगली एलईडी वॅटमागं शंभरच्या आसपास लुमेन देते. २२ वॅटला दोन-अडीच हजार धरा. छापले होते ३०,०००. गाडीच्या मूळ हॅलोजनच्या अप्परहून थोडा जास्त उजेड, तोही नको तिथं.

दुकानात परत गेलो. सोबत लाईट, जळकी वायर आणि फ्यूज. तोच गोड माणूस. "पेटतेय ना लाईट? मग खराब कुठंय?" मी अँपिअर सांगितले. "ते चायनाचं रेटिंग असतंय, मालक. तीनशेसारखा उजेड, असं म्हणायचं असतंय त्यांना." पाण्याचं? "पाणी वॉरंटीत येत नाही." वायरिंगचं? "पोरानं केलंय, पोरगं सोडून गेलं." शेवटी उपकार केल्यासारखं म्हणाला, "हे ठेवा इथं, वर दोन हजार द्या, ५०० वॅटची जोडी घेऊन जा." मी हसलो तेव्हा त्याला राग आला.

ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा लागत नाही. पण माझ्या हातात एस्टिमेटची चिठ्ठी आणि अनोळखी बाईच्या खात्यात गेलेले पैसे. जीएसटी वाचवायला गेलो आणि तक्रारीची जागाच वाचवून दिली त्याला. तरी डब्याचे, फ्यूजचे, मीटरचे फोटो काढून ठेवलेत, तक्रारीचं डोक्यात आहे.

आता नवीन जोडी घेतली तिचं सांगतो. डब्यावर फक्त २५ वॅट लिहिलंय. खरं लिहिणारा कमीच लिहितो हे आता कळलं. गोलात ई आणि शेजारी आकडा. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो, १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. नुसता ई म्हणजे नुसतं अक्षर. आकडाही कुणी छापू शकतो म्हणा, म्हणून विकत घ्यायच्या आधी दुकानातच मीटर लावायला सांगितलं. एका दुकानदारानं नाही म्हटलं, दुसऱ्यानं स्वतःचा मीटर काढला. दुसऱ्याकडून घेतली, पक्क्या बिलावर. उजेड पसरट घेतला, कारण गाडीवाटेवर वीसच्या वर वेग जात नाही आणि मला बाजूची चारी दिसायला पाहिजे. लांब फेकणारा सुईसारखा फोकस तिथं कामाचा नाही. रंग पिवळसर. काळ्या मातीची धूळ उडाली की पांढरा निळसर उजेड उलटून डोळ्यावर येतो, पिवळा जरा कमी त्रास देतो. ड्रायव्हरची हौस टपावर लावायची होती. टपावर लावली की बॉनेट चकाकतं आणि धूळ तर थेट डोळ्यांसमोर पेटते, म्हणून बंपरवर, खाली. चाचांनी फ्यूज बॅटरीला चिकटून लावला, तांब्याची वायर प्लास्टिकच्या नळीतून नेली, पत्र्याच्या भोकात रबर घातलं.

हायवेला लागलो की ही लाईट बंद. समोरच्याचे डोळे दिपवून उसाच्या ट्रॉलीखाली घालायचं पाप नको, आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला बंधन आहे, तेव्हा बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मी जुनी बसवताना विचारलं नव्हतं. झगमग मोडचा स्विच तर चाचांनी न विचारताच कापून टाकला होता.

जुन्या जोडीतली डावी लाईट आप्पांनी गोठ्यात टांगलीय, जुन्या बॅटरीवर. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "तीनशेची हाय, पोरानं आणलीय." उजवी चाचांच्या टेबलावर उघडीच पडलेली आहे, गिऱ्हाइकाला दाखवायला. परवा शेजारच्या रानातलं पोरगं नवीन डबा घेऊन आलं, पिकअपला बसवायचाय म्हणून. डब्यावर ५०० छापलंय, गोलात नुसता ई. फ्यूज कितीचा दिलाय म्हणून विचारलं. डब्यात बघून म्हणालं, पंधराचा.