गावाला जातोय, हे आम्ही त्यालाच सांगून गेलो

आमची घरफोडी झाली त्या सकाळी आमच्याआधी घरात पाऊल ठेवलं ते एका पोलिसाने. घर त्यानेच फोडलं होतं, हे कळायला सात महिने गेले. गावाचं, ठाण्याचं किंवा त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण खटला चालू आहे आणि त्याच्या मुली अजून शाळेत जातात. बाकी सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

आमच्या गल्लीत तो अडीच वर्षं भाड्याने राहत होता. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, हे एसटीतून निवृत्त. त्याची थोरली माझ्याकडे गणित शिकायला यायची. तो मला ‘बाई’ म्हणायचा, यांना ‘दादा’. कुणाचा गॅस आणून दे, कुणाच्या म्हाताऱ्याला रात्री दवाखान्यात ने, अशी कामं तो न सांगता करायचा. आम्ही सगळे त्याला ‘साहेब’ म्हणायचो, आणि ते मनापासून म्हणायचो.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोलीस दरवर्षी आवाहन करतात, की परगावी जाताना शेजाऱ्यांना आणि ठाण्यात कळवून जा. आवाहन चांगलंच आहे. आमच्या गल्लीत त्याचं पुढे वेगळंच झालं. तो म्हणाला, “ठाण्यात कशाला खेटे घालता? मला सांगा. मी नोंद करतो, नाईट राउंडला गाडी तुमच्या दारावरून फिरवतो.” आम्हाला सोयीचं वाटलं. कोण कुठे जाणार, किती दिवस, किल्ली कुणाकडे, हे सगळं गल्ली त्याला सांगू लागली. तो छोट्या डायरीत लिहून घ्यायचा. ठाण्यात अशी एकही नोंद नव्हती, हे पुढे तपासात निघालं.

२०२४ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लॉकरमधले दागिने घरी आणले होते. महिन्याभरात भाचीचं लग्न, म्हणून परत ठेवले नाहीत. चार तोळ्यांच्या पाटल्या, तीन तोळ्यांची मोहनमाळ, सुनेचे पाच तोळ्यांचे गोठ आणि सासूबाईंची अडीच तोळ्यांची बोरमाळ. एकूण साडेचौदा तोळे. भाऊबीज झाली आणि आम्ही तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर करून यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी तो चहाला आला. “घर एकदा नजरेखालून घालतो,” म्हणाला. पुढून मागे सगळं फिरला. मागच्या दाराचा कोयंडा हलवून म्हणाला, “बाई, हा कच्चा आहे, आल्यावर बदलून घ्या.” मग सहज विचारावं तसं, “सोनंनाणं लॉकरला आहे ना?” मी म्हटलं, “नाही हो, लग्न आहे ना, कपाटातच आहे.” शाळेत छत्तीस वर्षं मुलांना अनोळखी माणसाशी बोलू नका म्हणून शिकवलं. हा माणूस अनोळखी नव्हता.

तिसऱ्या दिवशी पहाटे गाणगापुरात त्याचाच फोन आला. “बाई, घाबरू नका. मागचं दार उघडं दिसतंय.”

आम्ही दुपारी पोचलो तेव्हा तो घरातच होता. कपाट त्याने उघड्या हाताने उघडून दाखवलं, ड्रॉवर ओढले, रिकामे डबे हातात घेऊन “हे तुमचेच ना?” म्हणून विचारलं. शेजारच्या दहाबारा जणांना त्यानेच आत बोलावून घेतलं होतं. ठसेतज्ज्ञ आले तेव्हा कपाटावर त्याचे ठसे होते, आणि ते का होते याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. श्वानपथकाचं कुत्रं अंगणातच घुटमळलं. त्या दिवशी मला हे काहीच खटकलं नाही. उलट, आपला माणूस धावून आला म्हणून मी रडले.

खरी फसवणूक त्यानंतर झाली, आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

फिर्याद द्यायला जाताना वाटेत तो म्हणाला, “ज्याच्या पावत्या आहेत तेवढंच लिहा. एवढं सोनं मास्तरणीकडे आलं कुठून, म्हणून उलट तुमचीच चौकशी लागेल. दादांची पेन्शनसुद्धा अडकेल.” पावती फक्त पाटल्यांची होती. मोहनमाळ आणि गोठ सोडायला आम्ही तयार झालो. बोरमाळ मात्र मी हट्टाने लिहायला लावली. फिर्याद झाली साडेसहा तोळ्यांची. आठ तोळे आम्ही आमच्या सहीने कागदावरून पुसून टाकले.

या भीतीत काहीही तथ्य नव्हतं. चोरीला गेलेल्या मालाची पावती नसली तरी फिर्याद देता येते. लग्नातले फोटो, वजनाची चिठ्ठी, घडवणाऱ्या सोनाराचा जबाब, हे सगळं चालतं. आयकराचा बागुलबुवा कुणी दाखवलाच, तर १९९४ सालची केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची सूचना आहे: छाप्यातसुद्धा विवाहित स्त्रीकडचे ५०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. माझं सगळं मिळून १४५ ग्रॅम होतं. हे मला एका वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

शिवाय त्याने आमच्याकडून पंधरा हजार रुपये घेतले. “खबऱ्याला द्यायचेत, सरकारी खर्चात बसत नाही,” असं म्हणून. यांनी पोस्टातून काढून आणून दिले. आम्ही ठाण्यात तपासाची विचारपूस करायला निघालो की तो अडवायचा, “मी बघतोय ना, सारखं गेलात की साहेब चिडतात.” फिर्याद देणाऱ्याला ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी कळवायचं असतं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेलं आहे. आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही त्याच्या तोंडून ऐकत राहिलो.

जून २०२५ मध्ये जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेने शेजारच्या तालुक्यातल्या एका घरफोडीत त्याला पकडलं. नंबरप्लेट बदललेली मोटारसायकल सीसीटीव्हीत दिसली होती. त्यांनी आपल्याच खात्यातल्या माणसाला पाठीशी घातलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कोठडीत असताना त्याने चोरीचं सोनं घेणारा सोनार दाखवला आणि आमच्या गल्लीतल्या आणखी दोन घरांचा छडा लागला. ती दोन्ही कुटुंबंही गावाला जाताना त्यालाच सांगून गेली होती. मोबाइलवरच्या जुगारात तो कर्जात बुडाला होता, म्हणतात. असेलही. यांनी ते ऐकून एवढंच विचारलं, “मग आपल्याकडे उसने का मागितले नाहीत त्याने? दिले असते.”

पुण्याहून मुलगा आला. त्याने अमेरिकेतल्या जोसेफ डीअँजेलो या पोलिसाबद्दल सांगितलं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एक्झिटर या लहानशा गावात घरफोड्या रोखण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्याच काळात जवळच्या व्हिसेलियात शंभरावर घरं तो स्वतः फोडत होता. पुढे त्याने बलात्कार केले, खून केले, आणि सापडला तो थेट २०१८ साली, डीएनएवरून. ऐकताना मला आमच्या मागच्या दाराचा कोयंडा आठवला. चोर कुठून शिरतो, पोलीस आधी काय तपासतात, लोक कशाला घाबरतात, हे सगळं त्या माणसाला नोकरीने शिकवलं होतं.

आता आमची लढाई आठ तोळ्यांची आहे. अटकेनंतर मी पुरवणी जबाब दिला, भाचीच्या साखरपुड्यातले मोहनमाळेचे फोटो दिले. बचावाच्या वकिलांचा प्रश्न ठरलेला आहे: सात महिने का बोलला नाहीत? म्हणून हात जोडून सांगते, चोरी झाली तर गेलेली प्रत्येक वस्तू, अर्ध्या ग्रॅमची नथसुद्धा, पहिल्या फिर्यादीत लिहा. स्वतः वाचा, मगच सही करा, आणि प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येतं. आणि परगावी जाताना कळवायचं तर ठाण्यात जाऊन कळवा, नोंद झाल्याचं पाहा. गल्लीतल्या पोलिसाच्या डायरीत नको, मग तो कितीही भला असो. गडबड दिसली तर ११२ ला फोन करा, पथक येईपर्यंत घरात कुणालाही शिरू देऊ नका.

दागिन्यांचे फोटोही आजच काढून ठेवा. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी क्रमांक असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही, त्यामुळे नव्या दागिन्याची ओळख सोपी आहे. आपल्या आजी-सासूच्या दागिन्यांवर यातलं काहीच नसतं.

सोनाराकडून सोनं वितळवून केलेली पाच तोळ्यांची एक लगड आणि अकरा मणी जप्त झाले. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते, म्हणून त्याने ते वेगळे काढून ठेवले असावेत. ओळख पटवायला मला बोलावलं. मणी तर कुणाचेही असू शकतात. पण दोन मणी अजून गोफात होते. चार वर्षांपूर्वी पटवेकऱ्याकडे बोरमाळ गाठवायला दिली तेव्हा त्याच्याकडचा पिवळा रेशीमदोरा संपला होता, म्हणून मीच माझ्या पैठणीच्या गोंड्यातला जांभळा दोरा काढून दिला होता. तो जांभळा दोरा मी पंचांसमोर दाखवला.

मुद्देमाल मिळवण्यासाठी वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालाचा आधार घेतला. जप्त वस्तू वर्षानुवर्षं ठाण्यात पडू न देता फोटो, पंचनामा करून आणि हमी घेऊन मालकाला द्याव्यात, असं त्यात म्हटलं आहे. त्या प्रकरणातही आरोपी पोलीसच होते, ठाण्यातला मुद्देमाल बदलल्याचा आरोप होता त्यांच्यावर.

मणी मिळाले. लगडीवर आमच्याबरोबर आणखी दोन घरांचा दावा आहे, तिची सुनावणी पुढच्या महिन्यात. मणी मोडायचे नाहीत, विकायचे नाहीत, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायचे, असं मी लिहून दिलं आहे. ते परत गाठवून घ्यावेत असं सासूबाईंना वाटतं. त्या एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. निकाल लागेपर्यंत तो दोरा सोडता येणार नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.