पुढची सीट सोन्यासारखी, टायरवरून भांडण: भाड्याच्या छोट्या लक्झरी सेडानचे काही महिने

आधी टायरचं सांगते, कारण लिहायला बसले ती त्याच रागात. पुण्याहून परतल्यावर गाडी जमा करताना कंपनीच्या माणसानं पुढच्या डाव्या टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, फुगा आलाय." खरंच आला होता, साइडवॉलला, म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीला. सायन-पनवेल महामार्गावर पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात चाक आदळलं होतं, तेव्हाचाच असणार. त्याबद्दल माझा वाद नव्हता. पण दुसऱ्या दिवशी मेसेज आला त्यात डिपॉझिटमधून पुढच्या दोन्ही टायरांचे पैसे कापले होते. फुगा एकाला, पैसे दोघांचे, आणि तेही कोऱ्या करकरीत टायरच्या भावानं.

आता गाडीविषयी. आम्ही मुलुंडला राहतो. सोसायटीत पार्किंग मिळायची आशा नाही, त्यामुळे स्वतःची गाडी घेतली नाही आणि घ्यायचीही नाही. ताई कोथरूडला असते, आईला तिच्याकडे न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे. आईचं कमरेचं दुखणं जुनं आहे, बस आणि ट्रेनची चढउतार तिला आता झेपत नाही. इतकी वर्षं मी डिझायर नाहीतर तशीच एखादी सेडान सेल्फ-ड्राइव्हवर घ्यायचे. यंदा उन्हाळ्यापासून एक पायरी वर गेले. बुकिंगमध्ये लिहिलेलं असतं 'ए-क्लास लिमोझिन, टू सीरीज ग्रान कुपे किंवा तत्सम', म्हणजे मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या छोट्या सेडान. नक्की कोणती येणार ते आदल्या संध्याकाळी कळतं. भाडं साध्या सेडानच्या जवळजवळ तिप्पट, डिपॉझिट त्याहून चढं. इंजिन, स्क्रीन वगैरे माहिती सगळीकडे आहे, ती परत देत नाही.

पहिल्या फेरीनंतर माझं मत होतं की हे पैसे वाया आहेत. आईला मानानं मागे बसवलं होतं. या वर्गातल्या गाड्यांचं छत मागे उतरतं असतं, त्यामुळे मागच्या दारातून आत शिरताना मान वाकवावी लागते. सीट खोल, गुडघे वर. उतरताना तर आईला दोघींनी धरून उठवावं लागलं, मी एका बाजूनं आणि ताई दुसऱ्या. डिझायरची मागची सीट तिला उतरायला सोपी जाते. तिप्पट भाडं भरून हे मिळणार असेल तर नको, असं मी ताईला तिथेच सांगितलं.

परतीला तिला पुढे बसवलं आणि माझं मत पूर्ण बदललं. पुढच्या सीटची मांडीखालची गादी पुढे सरकवून लांब करता येते. पाठीच्या खालच्या भागाला बटणानं फुगवता येणारा आधार आहे. सीटची उंची वाढवता येते, त्यामुळे दार उघडून पाय बाहेर ठेवला की उभं राहायला कमी जोर लागतो. हे सगळं जुळवायला वेळ लागतो. गाडी उभी असताना, आई बसलेली असताना, शांतपणे करायला हवं. एकदा जुळलं की बघायला नको. मुलुंडला पोचल्यावर आई म्हणाली, "आज कंबर काही बोलली नाही." कितीतरी वर्षांत प्रवासानंतर तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. पूर्वी प्रत्येक पुणेवारीनंतर फिजिओथेरपिस्टला घरी बोलवावं लागायचं, त्याची फी असायची, आणि आईचे दोन दिवस अंथरुणात जायचे ते वेगळेच. तो खर्च आता बंद झाला. भाड्यातला फरक सगळा भरून निघत नाही, पण बराचसा निघतो, आणि उरलेला मी आनंदानं देते. म्हातारं माणूस सोबत असेल तर त्याला पुढेच बसवा. मागे बसवणार असाल तर साधी सेडान घ्या आणि पैसे वाचवा.

चालवण्याबद्दल थोडक्यात. एक्स्प्रेसवेवर घाट सोडला तर कारना ताशी १०० ची मर्यादा आहे आणि आता जागोजागी कॅमेरे लागलेत. चलन गाडीमालकाच्या नावानं जातं, कंपनी ते तुमच्याकडून वसूल करते आणि वर स्वतःचं शुल्क लावते. त्यामुळे एवढ्या ताकदीच्या इंजिनातलं बरंचसं तुम्ही कधी वापरणारच नाही. एक फायदा मात्र खरा आहे. बोरघाटात ट्रक उजवी लेन अडवून बसतात, तेव्हा फट मिळाली की पाय दाबताक्षणी गाडी निघते. ओल्या रस्त्यावर ब्रेकही विश्वासाचे आहेत. या गाड्या पेट्रोल शहरात जास्त पितात. टोल मात्र कार कुठलीही असो, सारखाच. मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना माफ आहे, तेवढीच बचत.

आता परत टायर. हा विषय मी सोडणार नाही, कारण भाड्यानं लक्झरी गाडी घेणाऱ्याचे पैसे इथेच जातात आणि बुकिंग करताना कोणी याबद्दल बोलत नाही.

टायरवर आकडे असतात. डिझायरला १८५/६५ आर १५ असतो, म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर आणि रबराच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, सुमारे १२० मिलिमीटर. या वर्गात २२५/४० आर १८ सर्रास दिसतो. २२५ चे ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर. रिम (चाकाचा धातूचा भाग) मोठी, भिंत बुटकी. खड्ड्याची धार बसली की ती बुटकी भिंत रिम आणि डांबराच्या मध्ये चेचली जाते, आतले धागे तुटतात, आणि तिथून हवा रबराला बाहेर ढकलते. तोच फुगा. पंक्चरवाला त्याला काही करू शकत नाही, टायर बदलावाच लागतो. 'रन-फ्लॅट' प्रकारचा टायर असेल तर हवा गेल्यावरही ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, पण फुग्यापासून त्यानंही सुटका नाही.

विम्याचं काय, असं मी विचारलं. नेहमीच्या मोटार पॉलिसीत फक्त टायरचं नुकसान धरतच नाहीत. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, आणि तेही बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. टायरसाठी वेगळं ॲड-ऑन, म्हणजे जास्तीचे पैसे भरून घ्यायचं संरक्षण असतं, ते कंपनीनं घेतलेलं नव्हतं. रोजच्या भाड्यात मी 'डॅमेज प्रोटेक्शन' म्हणून जास्तीची रक्कम भरत होते, त्यातून टायर, रिम, काच आणि गाडीचा खालचा भाग वगळलेला. मुंबईच्या पावसाळ्यात नुकसान व्हायचं ते याच चार ठिकाणी!

पण माझ्याकडे फोटो होते. गाडी घेताना सगळे चारही बाजूंनी फोटो काढतात. मी टायरच्या कडेवरचा चार आकडी कोडही टिपते. टायर कधी बनला ते त्यात असतं: पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. त्यावरून टायर बराच जुना होता हे त्यांनाही नाकारता येईना. मग मी त्यांच्या माणसाला घेऊन शेजारच्या टायरच्या दुकानात गेले आणि नक्षीची, म्हणजे टायरवरच्या खाचांची, खोली मोजून घेतली. ४ मिलिमीटर. नवा टायर साधारण ८ चा असतो आणि कायद्यानं १.६ च्या खाली तो चालवता येत नाही. म्हणजे वापरायला मिळतात ६.४, त्यातले उरले होते २.४. हिशेबानं ३७.५ टक्के. मी म्हटलं, "अहो, एवढेच पैसे माझ्याकडे लागतात. पूर्ण किंमत घेणार असाल तर हा जुना टायर आणि त्याच्या जोडीचा चांगला टायर, दोन्ही माझ्या हवाली करा."

दोन टायर का, तर म्हणे एका अक्षावर जोडी सारखी लागते. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण उजवा टायर मी खराब केलेला नाही. तो तुम्ही तुमच्या सोयीसाठी बदलताय, तर तुमच्या खर्चानं बदला. पहिले दोन जण हे ऐकूनच घेईनात. शेवटी ईमेलवर सगळा हिशेब, फोटो आणि मोजमाप लिहून पाठवलं, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार आहे असंही कळवलं. त्यानंतर वरच्या माणसाचा फोन आला. उजव्या टायरचे पैसे पूर्ण परत मिळाले. डाव्याचे त्यांनी निम्मे ठेवले. ५० आणि ३७.५ यांतला फरक मी अजून मागतेय, आणि तो मिळायलाच हवा.

ज्यांना ही पायरी चढायचीय त्यांनी नंबरप्लेट आधी बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्यानं चालवायचा परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीची खाजगी लक्झरी गाडी स्वस्तात देणारे बरेच आहेत. अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि एवढ्या महाग गाडीचं बिल तुमच्या गळ्यात पडेल. त्या वाचलेल्या पैशांचा मोह धरू नका.

दुसरं, हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर प्रेशर लिहिलेलं असतं. गाडी ताब्यात घेतल्यावर पहिल्याच पंपावर ते तपासा. हवा कमी असेल तर बुटका टायर खड्ड्यात आणखी लवकर चेचला जातो. मला मिळालेल्या गाड्यांत हवा क्वचितच बरोबर होती. तिसरं, डिकी उघडून बघा. स्पेअर चाक डिकीतच ठेवलेलं असेल तर मोठी बॅग आणि आईची घडीची व्हीलचेअर एकत्र मावत नाही. आम्ही आता व्हीलचेअर ताईकडेच ठेवतो.

गणपतीत आम्ही कोकणात गेलो तेव्हा ही गाडी घेतली नाही, ९० मिलिमीटरचे टायर त्या रस्त्यावर नेणार नाही. पुण्यासाठी मात्र हीच. पुढच्या महिन्याचं बुकिंग दुसऱ्या कंपनीकडे केलंय. गाडी देतानाच चारही टायरांची नक्षी मोजून करारावर आकडे लिहायचे आणि नुकसान झालं तर उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात पैसे लावायचे, हे त्यांच्याकडून ईमेलवर कबूल करून घेतलं, मगच डिपॉझिट भरलं.