बेळगावात ॲग्रेसिव्ह इनलाइन स्केट: पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर घेतलेल्या ॲग्रेसिव्ह स्केटच्या या जोडीने आता उन्हाळा आणि आपला पावसाळा दोन्ही पाहिलेत. स्टॉल (कडेवर चढून तोल धरून थांबणं), फेकी (उलटं मागे जाणं), वन-एटी (उडीत अर्धी गिरकी) आणि ग्राइंड (पाइपवर किंवा कडेवर चाकांऐवजी बूट-फ्रेम घासत सरकणं) मी याच जोडीवर शिकलो, म्हणून सविस्तर लिहितोय. आधी निकाल सांगतो. रस्त्यावर फिरायला हे स्केट वाईट आहेत. ज्या कामासाठी ते बनवलेत त्या कामाला मात्र दुसरे कुठलेच स्केट चालत नाहीत. आणि आपल्या भागात ते टिकतात याचं श्रेय मी अर्धं बनवणाऱ्याला देईन, अर्धं उद्यमबागेला, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीला.

बेळगावला स्केटिंग काही नवं नाही. रिंकवर रोज संध्याकाळी स्पीडची पोरं दिसतात, लिंबो स्केटिंगमध्ये, म्हणजे अगदी खाली वाकून अडथळ्याखालून सरकण्यात, तर इथल्या पोरांनी गिनीज विक्रम केलेत. पण स्पीडचं स्केट म्हणजे घोट्याखाली संपणारा बूट, चाकं धरणारी लांब फ्रेम आणि 100 ते 110 मिलिमीटरची चाकं. ते पाइपवर आडवं टाकलं की चाकच पाइपला धरतं आणि माणूस पुढे जातो. ॲग्रेसिव्ह स्केटमध्ये चाकं 56 ते 60 मिलिमीटरची आणि कडक असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मध्ये फ्रेमला खाच असते, तिला एच-ब्लॉक म्हणतात. बुटाच्या तळाला बाहेरच्या अंगाने प्लास्टिकची रुंद पट्टी असते, ती सोल प्लेट. बहुतेक ग्राइंड या दोन जागांवरच होतात.

माझ्या जोडीत मधली दोन चाकं अँटी-रॉकर आहेत, म्हणजे लहान, दगडासारखी कडक आणि जमिनीला न टेकणारी. त्यामुळे खाच मोठी मिळते आणि पाइप लवकर सापडतो. बदल्यात जमिनीवर प्रत्येक पायाला फक्त पुढचं आणि मागचं चाक उरतं. खानापूर रोडच्या खडबडीत डांबरावर हे किती जाणवतं ते सांगून कळायचं नाही. पावलांना मुंग्या येतात, बारीक खडी आली तरी चाक अडतं. टिळकवाडीतल्या गल्ल्यांतून फेरफटका मारायचा बेत असेल तर 80 मिलिमीटरचे साधे फिटनेस स्केट घ्या, सुखी राहाल. मी हे स्केट पाठीवर टाकून नेतो आणि जागेवर पोचल्यावरच चढवतो.

जागा म्हणजे ओळखीच्या एका वर्कशॉपची लोडिंग शेड. खाली ट्रायमिक्स काँक्रीटची गुळगुळीत जमीन, वर पत्रा, सुट्टीच्या दिवशी मोकळी. माझ्या आवाक्यात स्केटपार्क नाही. देवळाचे कट्टे, बागेतल्या फरश्या यांवर मी घासत नाही. कडप्प्याची धार मेण लावल्यावर फार सुंदर सरकते हे खरं, पण तिचे टवके उडतात, आणि तिथे म्हातारी माणसं बसतात. म्हणून रेल, म्हणजे ग्राइंडसाठी पायांवर उभा केलेला आडवा पाइप, स्वतःची करून घेतली.

उद्यमबागेतल्या वेल्डिंगवाल्या मामांकडे दोन इंची गोल एमएस (साध्या पोलादाचा) पाइप नेला आणि खाली अँगलचे रुंद पाय मागितले. त्यांनी आधी कन्नडमध्ये विचारलं, “एनु इदु?” म्हणजे हे काय? मी पाठीवरचा स्केट काढून एच-ब्लॉक पाइपवर ठेवून दाखवला. मामांनी बोटाने खाच चाचपली, स्केट मागेपुढे सरकवून पाहिला आणि म्हणाले, “मग जोडाचे दाणे वर नकोत की. पाय अडकतोय तुझा. सगळं ग्राइंडर मारून सोडतो.” शिवाय त्यांनी पाइपची दोन्ही तोंडं पत्र्याने बंद करून दिली, म्हणजे उघड्या कडेने पोटरी फाटायला नको. ते मी सांगितलंही नव्हतं. उंची वीतभर ठेवली आणि पहिल्यांदा शिकणाऱ्याने याहून उंच करू नये. रंग मारला नाही, कारण ऑइलपेंटवर प्लास्टिक चिकटतं. पाइपवर गंज येतो तो पॉलिश पेपरने काढायचा आणि वर मेणबत्तीचा हात फिरवायचा, पण थोडाच. जास्त मेण झालं तर पाय आधी निघून जातात.

आता शिकण्याचं. सरळ रेलवर उडी मारायला कुणी जाऊ नये. आधी उभ्याउभ्या दोन्ही पाय रेलवर ठेवून तोल घ्यायचा, मग जागेवरून उडी मारून तसंच बसायचं, मग हळू येऊन. फ्रंटसाइड या पहिल्या ग्राइंडमध्ये दोन्ही पाय आडवे असतात आणि पाइप दोन्ही एच-ब्लॉकमध्ये बसतो. ऐकायला सोपं आहे, पण वजन टाचांवर राहिलं तर पाय पुढे सुटतात आणि माकडहाड आपटतं. वेग कमी असला की पाय जागीच थांबतात आणि वरचं धड सरकण्याच्या दिशेने फेकलं जातं. नवशिक्याला भीतीपोटी हळू यावंसं वाटतं आणि नेमका तिथेच घात होतो. बेताचा वेग हा धोका नाही, तोच सांभाळतो.

मला सोल ग्राइंड आधी जमलं आणि त्याचं कारण या बुटात आहे. सोलमध्ये पुढचा पाय एच-ब्लॉकवर आडवा आणि मागचा पाय रेलच्या रेषेत, सोल प्लेटवर. म्हणजे मागच्या बुटाची बाहेरची कड पाइपवर आणि फ्रेम पाइपच्या आतल्या अंगाला. यासाठी मागचा गुडघा चांगला वाकवावा लागतो, घोट्यालाही झुकायला मोकळीक लागते. बुटाचा वरचा बकल मी एक दाता सैल ठेवतो, टाचेवरचा पट्टा मात्र कचकचीत. टाच आत उचलली गेली की सोल प्लेट पाइपवर सपाट बसत नाही, मग कितीही जोर लावा, खरखर ऐकू येणार आणि पाय थांबणार. नीट बसली की आवाजच बदलतो. खरखर जाऊन एकसारखा घुमणारा सूर लागतो, आणि पाइप संपेपर्यंत तो तुटत नाही. त्या सुरासाठी मी आठवडाभर वाट पाहतो.

आता माझी सोल प्लेट पाहिली तर पाइपच्या मापाची एक चकचकीत पन्हळ पडलेली आहे, उजव्या पायाला डाव्यापेक्षा खोल. ही झीज म्हणजे खराबी नव्हे. त्या पन्हळीमुळे पाइप आता आपोआप जागेवर येतो. फारच खोल गेली की प्लेट स्क्रू काढून बदलायची, बूट तोच राहतो. फ्रेमचंही तसंच. यूएफएस नावाचं सामाईक माप साधारण 2000 पासून रूढ आहे, त्यामुळे एका कंपनीच्या यूएफएस बुटाला दुसऱ्या कंपनीची यूएफएस फ्रेम दोन बोल्टवर बसते. घेताना माझ्या मते हीच गोष्ट पहिली पाहावी. बूट आणि सोल एकाच साच्यात असलेले हलके स्केटही मिळतात आणि पायाला ते छान लागतात, पण आपल्याकडे सुटा भाग मिळायला वेळ लागतो, तिथे जितकं उलगडता येईल तितकं बरं.

बेअरिंगची चिंता नको. स्केटला 608 नंबरचं बेअरिंग लागतं: आतलं भोक 8, बाहेरचा व्यास 22, जाडी 7 मिलिमीटर. हेच बेअरिंग कित्येक छोट्या मोटारींत असतं, त्यामुळे बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं मागा. जोडीसोबत आलेली बेअरिंग्ज पत्र्याच्या झाकणाची होती. आपली तांबडी धूळ त्यात शिरली आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर ती किरकिरायला लागली. पावसात मी स्केट वापरत नाही, पण हवेतल्या दमटपणानेही काम होतं. दोन बेअरिंगमधली नळी, म्हणजे स्पेसर, एका चाकात सैल होती, ती लेथवाल्याने लगेच नवी बनवून दिली.

खरी कुरकुर लायनरबद्दल आहे. आतला हा मऊ बूट ओला झाला की पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही. बाहेर काढून पंख्याखाली ठेवला नाही तर बुरशीचा वास येतो. टाचेखालचा शॉक पॅड (धक्का झेलणारी गादी) आधीच दबून गेला होता. उंचीवरून उतरताना टाचेला हिसका बसायला लागला, तेव्हा दुसरा जाड पॅड घातला. शिवाय विक्रेत्याच्या मापाच्या तक्त्यात युरोपीय नंबर आणि सेंटिमीटर एकमेकांशी जुळत नव्हते, त्यामुळे पहिली जोडी परत पाठवावी लागली. पावलाची लांबी कागदावर मोजून सेंटिमीटरच कळवा, नंबर नको.

किंमत जास्त आहे. चांगल्या फिटनेस स्केटच्या दुप्पट पैसे गेले आणि आपल्या बाजारपेठेत हात लावून बघायलाही जोडी मिळाली नाही. त्यामागे इतिहास आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत हा खेळ ऐन भरात होता, 1995 च्या पहिल्या एक्स गेम्समध्येही होता. 2005 ला तिथून तो वगळला गेला, मोठा पैसा निघून गेला. पुढे तो जगवला तो बहुतांशी स्केटरांनीच उभ्या केलेल्या लहान ब्रँडांनी. माल थोडा निघतो, लांबून येतो, त्यावर आयात शुल्क. मला ही किंमत डाचत नाही, कारण भाग बदलत बदलत हा बूट अजून बरीच वर्षं चालेल असं दिसतंय.

टी-स्टॉप (मागचा पाय आडवा घासत थांबणं), मागे जाणं आणि दोन्ही पायांनी उडी मारून उतरणं साध्या स्केटवर जमत नसेल तर अजून थांबा. या स्केटला ब्रेक नसतो. घरच्या लहान मुलाला वाढदिवसाला म्हणून तर मुळीच घेऊ नका, त्याला रिंकवर घाला. मोठ्यांनी हेल्मेट, रिस्ट गार्ड, गुडघ्याचे पॅड आणि नडगीला फुटबॉलचे गार्ड एवढं तरी बांधावं. रेलचा पहिला फटका नडगीलाच बसतो. माझ्या आईने रिस्ट गार्ड पाहिल्याशिवाय मला दाराबाहेर सोडलेलं नाही, आणि तिचं बरोबर आहे.

सध्या मी रॉयाल नावाच्या ग्राइंडवर आहे. फ्रंटसाइडसारखंच उभं राहायचं, पण दोन्ही घोटे एकाच बाजूला कलवायचे. डावा कलतो, उजवा अजून ऐकत नाही. मधली अँटी-रॉकर काढून तिथे साधी चाकं घालून पाहणार आहे, चारही चाकं जमिनीला लागली की रेलकडे येताना तोल जास्त बरा राहतो असं ज्यांनी वापरलंय ते सांगतात. रेल दोघांनी उचलता येते, टेम्पोत मावते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे कुणी शिकत असेल आणि बरी जमीन असेल तर मी घेऊन येईन, फक्त हेल्मेट आपापलं आणा.