तारीख आतल्या बाजूला

जिम्नी, थार किंवा जुनी जिप्सी घेतलेल्या आणि आता ‘एटी (ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर टाकायचेत’ म्हणून दुकानं पालथी घालणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. पुण्यात माझ्या जिम्नीला पाच टायर घेतले. ‘फ्रेश स्टॉक’ म्हणून विकलेल्या त्या पाचांतले चार टायर तब्बल पाच वर्षं जुने निघाले. दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. शिवाय त्याने जे केलं ते कुठल्याही दुकानात होऊ शकतं, म्हणून कसं केलं तेच नीट सांगतो.

जिम्नीला कंपनीकडून १९५/८० आर १५ मापाचे टायर येतात (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). डांबरी रस्त्याला उत्तम, पण मुरमाचा चढ, ओलं गवत, ओढ्यातले गोटे आले की त्यांची नक्षी कमी पडते. दुकानदाराने पहिल्याच वाक्यात २३५/७५ आर १५ सुचवला. “साहेब, गाडी कशी भरलेली दिसेल बघा.” जिम्नीची रिम साडेपाच इंच रुंद असते आणि २३५ च्या टायरला कमीत कमी सहा इंची रिम लागते. वर चाकाचा व्यास जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे काटा ८० वर असताना हिशेबाने वेग ८५ च्या घरात जातो आणि दीड लिटरच्या इंजिनाला चढावर धाप लागते. हे बोलून दाखवल्यावर तो लगेच खूश झाला. “तुम्हाला सगळं माहिती आहे साहेब. मग २१५/७५ घ्या.” हे माप बोलेरोमुळे कुठेही मिळतं, साडेपाच इंची रिमवर नीट बसतं आणि व्यासात फरक दीड टक्क्याचा. माप अगदी योग्य होतं. आज मला वाटतं, तो २३५ मुळात विकायला काढलेलाच नव्हता. जाणत्या गिऱ्हाइकाला एक मुद्दा जिंकू द्यायचा, मग ते पुढच्या मुद्द्यावर सैल सुटतं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

मग त्याने काउंटरजवळ ठेवलेला एक टायर पुढे ओढला. परदेशी ब्रँड, खणखणीत नक्षी, अंगावर रबराचे बारीक केस. त्याने स्वतःहून तारीख दाखवली : ०८२४. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, टायरच्या अंगावर ‘डॉट’नंतर अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ०८२४ म्हणजे २०२४ सालचा आठवा आठवडा. तेव्हा २०२४ चाच पावसाळा नुकता सरला होता, म्हणजे टायर ताजा होता. बाकीचे चार गोदामातून येणार होते. ‘सगळे फ्रेश स्टॉक, एकाच लॉटचे’ असं त्याने आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर लिहूनही दिलं होतं.

टायर आले, पोरांनी चाकं खोलली, मला आत बसवून चहा दिला. गाडी जॅकवरून उतरली तेव्हा मी वाकून तारखा बघायला लागलो, तर बाहेरच्या बाजूला चारही टायरांवर ती ओळ अर्धीच होती. यात बेकायदा काही नाही, पूर्ण ओळ टायरच्या एकाच अंगावर असली तरी चालते, दुसऱ्या अंगावर तारखेशिवायची छापतात. “दुसऱ्या बाजूला गेली असेल साहेब, ही स्टेपनी बघा ना,” असं म्हणत त्याने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे ०८२४ झळकत होतं. काउंटरवरचा नमुना त्याने स्टेपनीला बसवला होता, तारीख बाहेर ठेवून. एखाद्या टायरची तारीख आत जाणं हा योगायोग असतो. जमिनीवरच्या चारही आत आणि स्टेपनीची तेवढी बाहेर, याला योगायोग म्हणत नाहीत. पण ती गाडीखाली शिरल्याशिवाय वाचता येत नाही, आणि अलाइनमेंटला मागे चार गाड्या हॉर्न वाजवत उभ्या असतात.

निघताना त्याने दोन सल्ले दिले. एक, नायट्रोजनच भरा. त्याचे वेगळे पैसे बिलात होतेच. (साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनने नुकसान काही नाही, पण कच्च्या वाटेवर पकडीसाठी हवा सोडणाऱ्या आणि परत भरणाऱ्या माणसाला तो दर वेळी कुठे मिळणार?) दुसरा सल्ला असा : “३८ ठेवलीय, तेवढीच ठेवा. ॲव्हरेज वाढेल. आणि ऑफरोडला हवा कमी करायचं ते यूट्यूबवाल्यांचं फॅड आहे, टायर कापतो त्याने.” साधारण १२०० किलोच्या गाडीला ३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप)! माझ्या दारावरच्या स्टिकरवर याहून कितीतरी कमी आकडा आहे. घरी आल्यावर मी तो स्टिकरइतका आणला, पण हा सल्ला त्याने का दिला असेल याचा विचार तेव्हा केला नाही. दुकानदार असेच बोलतात, एवढंच वाटलं.

दिवाळीनंतर मुळशीच्या पलीकडे एका कोरड्या ओढ्यातून चढायचं होतं. गोटे मोठे, सुटे. नेहमीप्रमाणे चारही चाकांची हवा २० वर आणली आणि पायी चालण्याच्या वेगाने चढायला लागलो. वर पोचायच्या आत मागचं डावं चाक बसलं. खिळा नाही, धारदार दगड नाही. रिमच्या वर दोन बोटांवर, साइडवॉलला, म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीला, आडवी फाट गेली होती. साइडवॉल फाटला की त्याला पंक्चर काढता येत नाही, तो टायर बाद. स्टेपनी लावली आणि हळूहळू खाली उतरलो.

पौड रस्त्यावर एका केरळी पंक्चरवाल्याकडे टायर रिमवरून काढून घेतला. त्याने आतून बॅटरी मारली, बोट फिरवलं आणि म्हणाला, “साब, हवा कम में भगाने का निशान नहीं है इसमें.” हे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण पुढे याच्यावरच सगळं आलं. हवा फार कमी ठेवून वेगात गाडी पळवली की साइडवॉल आतून दुमडून घासतो. आत गोल काळपट पट्टा उमटतो आणि रबराचा भुगा सापडतो. माझ्या टायरचं आतलं अंग गुळगुळीत होतं, चिमूटभर भुगा नव्हता. फाटेच्या दोन्ही बाजूंना मात्र केसासारख्या भेगा होत्या, टायर वाकवला की उघडणाऱ्या. मग त्याने टायर उलटा केला आणि न बोलता तारखेवर बोट ठेवलं. ३११९. जुलै २०१९ संपता संपता बनलेला टायर. उरलेल्या तीन चाकांच्या आतल्या बाजू त्याच्या जॅकवर बघितल्या. दोन ३११९, एक २९१९.

टायर न वापरता ठेवला तर म्हातारा होत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. खरं तर रबरात वातावरणातल्या ओझोनपासून वाचवणारी मेणं आणि रसायनं घातलेली असतात. टायर फिरतो, वाकतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. गोदामात एकावर एक रचून ठेवलेल्या टायरमध्ये ती हालचालच नसते. वर पत्रा तापतो आणि जवळ कंप्रेसरची मोटर चालू असेल तर तीही ओझोन सोडू शकते. सावलीत नीट ठेवलेला, वर्ष-दीड वर्षाचा टायर घ्यायला हरकत नाही, त्याला फसवणूक म्हणणं अन्याय होईल. पाच वर्षांचा माल ताज्याच्या भावात देणं ही मात्र फसवणूकच. बऱ्याच गाड्यांच्या कंपन्या सहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी टायर बदला म्हणतात. त्या हिशेबाने माझ्या टायरांचं आयुष्य मी पैसे मोजले तेव्हाच संपत आलं होतं.

हा जुना माल आला कुठून? माझा अंदाज सांगतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली. बंदी नव्हे, पण परदेशी एटी टायर एकदम दुर्मीळ झाले आणि त्याआधी आलेला माल गोदामांत जपला गेला. मागणी आहे, ताजा माल मोजका, मग एक ताजा दाखवायचा आणि चार जुने खपवायचे.

आणि आता ३८ पीएसआयचा अर्थ लागला. घट्ट फुगलेल्या टायरची साइडवॉल फारशी वाकत नाही. डांबरी रस्त्यावर ३८ वर चालवत राहिलो असतो तर भेगा बहुधा खूप उशिरा उघड झाल्या असत्या, बिल कुठे ठेवलंय तेही आठवलं नसतं. हवा कमी केली की साइडवॉल दर फेऱ्याला खोल वाकते, आणि कडक झालेलं रबर तिथेच तुटतं. त्याचा सल्ला माझ्या ॲव्हरेजसाठी नव्हता.

दुकानात गेलो तेव्हा त्याने टायर उचलून बघितलाही नाही. “हवा कमी केली होती ना? मग क्लेम होत नाही.” मी तारीख दाखवली. “हे टायर आमचे नाहीतच. तुम्ही बदलले असाल.” बिल पक्कं होतं, तेव्हाचा २८ टक्के जीएसटी भरून घेतलेलं, पण त्यावर टायरांचे नंबर नव्हते, फक्त माप आणि नग. म्हणजे नमुना, तारखेची बाजू, हवेचा सल्ला आणि बिल, चारही एकमेकांत बसवलेले. त्याला नडली त्याचीच हौस. दुकानाच्या इन्स्टाग्रामवर माझ्या गाडीचं रील होतं, नंबर प्लेटसकट. त्यात पोरगा टायर आडवा टाकून रिमवर चढवतोय. ते रील थांबवून मोठं केलं की ३११९ स्पष्ट वाचता येतं. आधी ते माझ्या फोनमध्ये उतरवून घेतलं, मगच त्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत रील गायब होतं.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा टायर रिमवर चढण्याआधी जमिनीवर आडवे टाकायला सांगा आणि पाचहीच्या दोन्ही बाजू बघा. तारखेचा फोटो काढा, आणि पूर्ण ओळ बिलावर लिहून घ्या. दुकानदार म्हणेल, कॉम्प्युटरमध्ये तशी सोय नाही. पेनाने लिहून शिक्का मारता येतो. रबराच्या केसांवर जाऊ नका, न वापरलेल्या जुन्या टायरलाही ते असतात आणि रिमोल्ड केलेल्या, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेल्या टायरलाही. पॉलिश मारलेला असेल तर फडक्याने पुसून, नक्षीच्या खाचेत तळाशी भेगा आहेत का बघा. आयएसआयचा शिक्का शोधा, प्रवासी गाड्यांच्या टायरवर सोबत आयएस १५६३३ असतं. आणि तारखा बाहेरच्या बाजूला बसवायला सांगा. दिशा किंवा बाहेरची बाजू ठरलेला टायर नसेल तर यात काही अडचण नसते, आणि नकार मिळाला तर दुकान बदला.

हवेचं म्हणाल तर माझा ताळा असा. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला खडी-मुरमाच्या वाटेवर स्टिकरपेक्षा चार-पाच कमी, गोट्यांवर १८ ते २०, मऊ वाळूत १५ च्या आसपास, तेही ताशी तीसच्या आत. थार जड आहे, तिला दोन-तीन जास्त ठेवा. बाराच्या खाली साध्या रिमवर जाऊ नये, वळताना टायर रिमवरून निसटतो. काळ्या मातीच्या चिखलात हवा कमी करून फारसं साधत नाही, एटीची नक्षी पहिल्या पन्नास फुटांत थापली जाते. तिथे न शिरणं हाच उपाय. डांबरावर परत आलात की आधी हवा भरा. माप थंड टायरवर घ्या, आणि दुपारी आकडा चढला म्हणून सोडू नका, तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतोच. काटा स्वतःचा ठेवा. माझ्या काट्याने मोजलं तेव्हा त्या दुकानाच्या कंप्रेसरचा काटा तीन पीएसआय चुकत होता.

टायर फाटलाच तर तो उघडून आतलं अंग दाखवणारा फोटो तिथल्या तिथे काढायला विसरू नका. भुगा नाही हे दाखवणारा माझा फोटो पंक्चरवाल्याच्या दुकानातला आहे आणि आज सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतोय.

तक्रार आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला केली. दुकानदाराचा फोन लगेच आला : दोन टायर बदलून देतो, तक्रार मागे घ्या. मी चारही मागितले, तो दोनवर अडलाय. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि मुदत दोन वर्षांची असते. गाडीला सध्या देशी कंपनीचे टायर आहेत, दोन महिन्यांपूर्वी बनलेले. जुने तीन आणि तो फाटलेला पुरावा म्हणून गॅलरीत ठेवलेत, बायको रोज विचारते कधी नेणार.