दोन खोके घ्या, एकात काम भागत नाही

रेणूंची मॉडेलं बनवायचा हा संच घेऊन मला वर्ष झालं. मी जीवशास्त्र शिकवते आणि मला तो मुळात एकाच प्रश्नासाठी हवा होता: स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले, मग एक आपल्याला पचतो आणि दुसरा का नाही? फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी मुलं उत्तर नुसतं पाठ करायची.

एका खोक्यात काळे कार्बन २४, लाल ऑक्सिजन २४, पांढरे हायड्रोजन ४८. म्हणजे बरोबर चार ग्लुकोज. पण अमायलोजच्या, म्हणजे स्टार्चमधल्या बिनफांद्यांच्या साखळीच्या, एका वेढ्यातच साधारण सहा ग्लुकोज असतात, त्यामुळे चारांत वळण कळत नाही. मी दुसरा खोका मागवला आणि तिथून खरी मजा सुरू झाली.

ग्लुकोजच्या कड्यातल्या पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट (OH) आणि हायड्रोजन उपटायचे, एकमेकांच्या जागी बसवायचे. अल्फा ग्लुकोजचा बीटा झाला, बदल एवढाच; स्टार्च अल्फाचा, सेल्युलोज बीटाचा. ग्लुकोज जोडताना दर जोडाला पाण्याचा एक रेणू सुटून तळहातावर येतो, तो मुलं जपून ठेवतात! सहा अल्फा ग्लुकोज जोडले की साखळी जिन्यासारखी वळत जाते. बीटा जोडायचे तर दर दुसरं कडं उलटं करावं लागतं, आणि साखळी पट्टीसारखी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या शेजारी-शेजारी लागून हायड्रोजन बंधांनी घट्ट होतात, म्हणून वनस्पतीची पेशीभित्तिका इतकी मजबूत. एका मुलीने दोन्ही साखळ्या हातात धरल्या आणि म्हणाली, "मॅडम, लाळेतल्या अमायलेज विकराचा साचा फक्त या वळलेल्या जोडाचा आहे!" तेवढ्यासाठीच मी संच घेतला होता.

सहाव्या कार्बनवरून फांदी काढली की ग्लायकोजेनही, म्हणजे प्राण्यांच्या शरीरातला ग्लुकोजचा साठा, समजतो. त्यात दर ८ ते १२ ग्लुकोजमागे फांदी, स्टार्चमधल्या फांद्यांच्या भागात, अमायलोपेक्टिनमध्ये, २४ ते ३० मागे. जितकी टोकं जास्त, तितका ग्लुकोज झटपट सुटतो, आणि पळणाऱ्या स्नायूला तेच हवं असतं.

निळे नायट्रोजन खोक्यात दोनच आहेत. दोन खोक्यांत कायटिनची चार घटकांची साखळी होते, किड्यांचं कवच दाखवायला पुरते.

तक्रारी आहेत. जोडनळ्या पाच-सहा महिन्यांत सैल पडल्या, लांब साखळी मधोमध लोंबते. हायड्रोजन बंधासाठी वेगळे भाग नाहीत, मी रंगीत दोरा बांधते. सोबतच्या माहितीपत्रकात ग्लुकोज फक्त सरळ साखळीच्या रूपात दिलाय, कडं कसं जुळवायचं याचा पत्ताच नाही. पहिल्या दिवशी मी तासभर चाचपडले. सुट्या जोडनळ्या वेगळ्या मिळत असतील तर सुरुवातीलाच मागवून ठेवा.