ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग: डिसेंबरात की जानेवारीच्या शेवटी?

आई-बाबा आणि पोरं सोबत असतील तर हा प्रश्न नीट सोडवूनच तिकिटं काढा. डिसेंबरात डोमप्लाट्झवर (कॅथेड्रलसमोरचा चौक) ख्रिसमस मार्केट, भाजलेले चेस्टनट, गरम मसालेदार पंच (मुलांसाठी बिनदारूचा पण मिळतो), आणि जवळच्या ओबर्नडॉर्फला 'सायलेंट नाइट' हे ख्रिसमसचं गाणं 1818 साली पहिल्यांदा गायलं गेलं ती जागा, म्हणजे पोरं जाम खूश. पण गर्दी भयंकर, हॉटेलं महाग, सव्वाचारलाच अंधार, आणि 24 ला दुपारनंतर दुकानं पटापट बंद होतात त्यामुळे खाण्याचं आधीच बघून ठेवायचं.

जानेवारीत मार्केट नसतं. पण 27 जानेवारी हा संगीतकार मोझार्टचा वाढदिवस, 1756 साली गेट्राइडगासऽ या गल्लीत 9 नंबरच्या घरात जन्मला तो, आणि त्या सुमारास मोझार्टवॉखऽ हा संगीत महोत्सव असतो, ज्यांना कॉन्सर्ट ऐकायचीये त्यांनी तेव्हाच जावं. उजेडही पाचपर्यंत टिकतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी किल्ल्यावर जायला फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) आहे, साल्झबर्ग कार्डात, म्हणजे पर्यटकांच्या पासात, ती येते.

मला विचाराल तर पोरं लहान असतील तर डिसेंबरचा पहिला आठवडा, क्रॅम्पसचे (वात्रट पोरांना घाबरवणारा तिथल्या लोककथेतला राक्षस) शिंगवाले मुखवटे बघून घाबरतील एवढंच, आणि आजी-आजोबा सोबत असतील तर बिनधास्त जानेवारी.