मांसल कोंबड्यांना प्रोबायोटिक : चार बॅचनंतरचा अनुभव

पहिली बॅच मी जवळजवळ वायाच घालवली. लॅक्टोबॅसिलस या आतड्याला उपयुक्त जिवंत जिवाणूची पावडर, म्हणजेच प्रोबायोटिक, पिण्याच्या पाण्यातून देत होतो आणि त्याच टाकीत सवयीने क्लोरीनही टाकत होतो. म्हणजे एका हाताने जिवंत जिवाणू सोडायचे आणि दुसऱ्या हाताने मारायचे, असा प्रकार चालला होता. पाण्यातून लस देताना क्लोरीन बंद ठेवायचे हे पाठ असूनही इथे ते सुचले नाही.

दुसऱ्या बॅचपासून क्लोरीनविरहित पाणी वापरले आणि पिल्ले ब्रूडरमध्ये, म्हणजे ऊब देण्याच्या जागेत, उतरताच पहिला डोस दिला. हॅचरीतल्या पिल्लाचा कोंबडीशी संबंधच येत नसल्यामुळे तिच्याकडून मिळणारे जिवाणू त्याला मिळत नाहीत आणि मोकळ्या आतड्यात जो आधी शिरेल तो ठाण मांडतो. प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू पाजलेल्या पिल्लांमध्ये साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू सहज रुजत नाही, हे फिनलंडच्या नुर्मी आणि रांटाला यांनी १९७३ मध्येच दाखवले होते.

पुढे खाद्यातून बॅसिलस सबटिलिस हा दुसरा उपयुक्त जिवाणू सुरू केला. त्याचे बीजाणू खाद्याच्या पेलेट (गोळ्या) बनवतानाची उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस सहसा टिकत नाही. फरक मला वजनकाट्यावर नव्हे, तर लिटरमध्ये, म्हणजे शेडमध्ये जमिनीवर पसरलेल्या भुशाच्या थरात, जाणवला. पाणी पिण्याच्या निपलखालचे लिटर मुठीत दाबले की पूर्वी त्याचा गोळा होत असे, आता ते बोटांतून मोकळे सुटते. पहाटे शेडमध्ये शिरताना डोळ्यांना झोंबणारा अमोनियाही कमी झाला. पार्श्वभागाला विष्ठा चिकटलेली पिल्लेही क्वचितच दिसतात. एफसीआर (एक किलो वजनवाढीसाठी लागणारे खाद्य) किंचित सुधारला, पण त्याच काळात हवामान बदलले आणि वायुवीजनही मी वाढवले होते, त्यामुळे त्याचे सगळे श्रेय पावडरीला देणे मला पटत नाही.

चौथ्या बॅचमध्ये तिसऱ्या आठवड्यात रक्ती हगवण आलीच. ती जिवाणूंमुळे नव्हे, तर आयमेरिया या आदिजीवामुळे होते, तेव्हा प्रोबायोटिकला तिचे औषध समजू नये. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने उपचार केले आणि ते संपल्यावरच पाण्यातले लॅक्टोबॅसिलस पुन्हा चालू केले.

एक तक्रार मात्र आहे. मी आधी घेतलेल्या पाकिटावर ना जिवाणूंची प्रजात छापलेली होती, ना प्रतिग्रॅम सीएफयू, म्हणजे जिवंत जिवाणूंची संख्या. शिवाय पावडरीतल्या साखरेमुळे पाइपलाइनमध्ये बुळबुळीत थर धरतो. म्हणून प्रत्येक डोसनंतर मी लाइन जोराच्या पाण्याने धुतो आणि शेवटच्या निपलमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत तिथून हलत नाही.